मागचा डावा टायर

माझी बायको ट्रॅफिक हवालदार आहे, हे मी लोकांना लगेच सांगत नाही. सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे दयेने बघतो आणि मग त्याच्या कुठल्यातरी जुन्या पावतीची तक्रार काढतो. मी शिंपी. आमच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मधे पडदा. ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती वर्दीची पँट आखूड करून घ्यायला. खात्याकडून आलेल्या पँटी एका मापाच्या होत्या आणि ते माप जगातल्या कुठल्याच बाईचं नव्हतं. मी टेप लावून विचारलं, "जरा सैल ठेवू का?" ती म्हणाली, "सैल काही नको. पळावं लागतं." मला ते उत्तर आवडलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तिची आई लवकर गेली. वडील ट्रकवर, घराबाहेरच जास्त. घरात ती आणि तिचा पाठचा भाऊ. हा भाऊ जन्मला तेव्हा इतक्या मोठ्याने रडला म्हणे, की वडील म्हणाले, ह्याला ट्रकच्या टपावर बांधा, भोंगा विकत घ्यायला नको. तेव्हापासून तो भोंग्या. खरं नाव फक्त त्याच्या लायसन्सवर आहे. त्याला न्हाऊ घालणं, नखं कापणं, शाळेत पोचवणं, मारामारी करून आला की आधी त्याला दोन रट्टे देऊन मग दुसऱ्या पोराच्या दारात भांडायला जाणं, हे सगळं हिने केलं. तो झोपताना हिची वेणी मुठीत धरून झोपायचा. ही उठून जाईल म्हणून. हिला कूस बदलायची सोय नव्हती.

वडील फेरी करून आले की दोन्ही पोरांना ट्रकखाली घालायचे. टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढायचं काम ह्या दोघांचं. एकेक पेचकस हातात, आणि कोण जास्त खडे काढतो ही पैज. तिचा हात सावकाश, त्याचा भराभर. तो हरायला लागला की खिशातले खडे ढिगात मिसळायचा. तिला कळायचं. ती बोलायची नाही.

मोठी होऊन ही पोलिसात लागली आणि तो ड्रायव्हर झाला. त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. दोघांनाही रस्त्याशिवाय दुसरं काही माहीतच नव्हतं.

आमचं गाव उंचावर आहे. कारखाने खाली, नदीपलीकडे. मधे उतार, आणि उतारावर एकामागून एक वळणं. उतार सुरू होतो तिथे पत्र्याची शेड, दोन बाकं आणि एक आडवा बांबू, तो नाका. हिची नेमणूक बरीच वर्षं तिथेच. आधी तिथे कागद बघत, दिवे बघत, जास्त माणसं कोंबली असतील तर उतरवत. टायर कोणी बघत नव्हतं. मग एकदा ओल्या रस्त्यावर प्रवाशांनी भरलेली एक बस वळणावर घसरली आणि कठडा तोडून खाली गेली. ज्यांना वर काढलं त्यातली सगळी जिवंत नव्हती. त्या बसचे कागद त्या सकाळी हिनेच बघितले होते. सगळे बरोबर होते. बस वर ओढून काढली तेव्हा टायर बघितले. त्यांच्यावर नक्षी म्हणून काही शिल्लक नव्हती, नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत.

त्यानंतर हुकूम निघाला. टायरची खाच मापापेक्षा कमी भरली, तर गाडी नाक्यापुढे जाणार नाही. टायर बदला आणि मगच उतरा.

झालं, त्या दिवसापासून नाका म्हणजे कुस्तीचा आखाडा. पोलिसांकडे मापाची एक छोटी सळई आली. ती खाचेत घालायची, खूण बुडाली तर पास, नाही बुडाली तर गाडी बाजूला. ड्रायव्हर म्हणायचे, तुम्ही सळई बरोबर कडेला घालता, मधे घाला. पोलीस म्हणायचे, कडच आधी जाते, मधे काय बघायचंय? ड्रायव्हर म्हणायचे, काल ह्याच टायरवर गेलो, आज एका रात्रीत झिजला? एक टक्कल पडलेला ड्रायव्हर होता, तो टोपी काढून पुढे यायचा. "साहेब, माझ्या डोक्याची पण नक्षी गेलीय, मलाही इथेच ठेवणार का?" सगळे हसायचे, पोलीससुद्धा. पण हसून झालं तरी गाडी तिथेच असायची, आणि त्याच्या गाडीतली माणसं रस्त्यावर. टायरवाल्याचं दुकान उताराच्या पायथ्याशी. म्हणजे टायर आणायला खाली जायचं, आणि खाली जायला टायर पाहिजे.

ड्रायव्हरांचं सगळंच खोटं होतं असं नाही. काही गाड्यांकडे सळई वळायचीच नाही. त्या कोणाच्या गाड्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही घरी येऊन बूट काढता काढता म्हणायची, "शिव्या त्यांच्या बरोबर असतात. चुकीच्या माणसाला बसतात, एवढंच."

तेव्हा भोंग्याची स्वतःची व्हॅन होती. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायकांना तो ने-आण करायचा. रोज नाक्यावरून जाताना काच खाली करून ओरडायचा, "ताई, चहा झाला का?" आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचा. रोज तेच. ही रोज मान हलवायची.

त्या सकाळी काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं आहे, वेगवेगळ्या वेळी. दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळतं. भांडणातलं एक कोणी खोटं बोलत असेल तर मिटवणं सोपं जातं. इथे तीही सोय नव्हती.

रस्ता ओला होता. एका मिशीवाल्या टेंपोवाल्याची गाडी हिने बाजूला घ्यायला लावली होती आणि तो शेडपुढे उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "मघाशी ती पांढरी गाडी गेली, तिचे टायर कोणी बघितले? ओळख होती म्हणून सोडलीत ना? आम्हाला काय कोणी मामा-काका नाही!"

ही म्हणाली, "मी नाही सोडली. मी उभी असेन तेव्हा कोणाचीही सोडणार नाही."

"कोणाचीही?"

"कोणाचीही."

शब्द तोंडातून निघाला आणि भोंग्याची व्हॅन येऊन थांबली. काच खाली झाली. "ताई, चहा झाला का?"

तिने रोजच्यासारखी मान हलवली नाही. ती गाडीला वळसा घालून गेली. पुढचे दोन्ही चांगले. मागचा उजवा ठीक. मागच्या डाव्या टायरची आतली कड तळहातासारखी सपाट. तिने वाकून सळई घातली. सळई शिरायला जागाच नव्हती. ती उठली तेव्हा मिशीवाला शेजारी येऊन उभा होता आणि त्याच्या मागे आणखी पाच-सहाजण.

"मागचा डावा गेलाय," ती म्हणाली.

"माहीत आहे. रविवारी बदलतोय. सांगून ठेवलाय दुकानात."

"स्टेपनी?"

"तीही तसलीच. ताई, ह्यांना कामावर उशीर होईल."

"गाडी बाजूला घे."

तो हसला. त्याला खरंच चेष्टा वाटली. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तो खाली उतरला. आवाज त्याचा मुळातच मोठा, त्यात तो चिडला होता. "बाबांनी जन्मभर असल्या टायरवर ट्रक चालवला. खाटेवर मेले ते, माहीत आहे ना?"

"बाबांच्या ट्रकमध्ये पोती असायची. तुझ्या गाडीत माणसं आहेत."

"ह्या लोकांना दाखवायला करतेयस ना हे?"

ह्याचं उत्तर तिने दिलं नाही. पुढे एकदा तिने मला सांगितलं, "थोडंसं तेही होतं रे. म्हणून तर उत्तर सुचलं नाही."

बायका उतरल्या. डबे काखेला मारून, कुरकुरत, ओल्या रस्त्याने वळणं उतरायला लागल्या. एक वयस्क बाई जाता जाता हिला म्हणाली, "पोरी, तुझं बरोबर असेल, पण आमचा अर्धा दिवस गेला." भोंग्याने जॅक लावला, चाक काढलं, आणि कोणाची मदत न घेता ते घरंगळत उतारावरून खाली न्यायला लागला. ही बघत उभी. मागून कोणीतरी म्हणालं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." तिने वळून बघितलं नाही.

कारखान्याने ते काम दुसऱ्या गाडीवाल्याला दिलं. उशिरा पोचवणारा गाडीवाला त्यांना नको होता. काही महिन्यांनी भोंग्याने व्हॅन विकली आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला.

आणि त्याने बहिणीशी बोलणं टाकलं.

ही पहिले काही दिवस रागात होती. "येईल. जातोय कुठे? लहानपणी दोन घटकांच्या वर कधी रुसला नाही." मग ती त्याच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. भोंग्या आतल्या खोलीत होता. तो आतच राहिला. ही भिंतीशी बोलल्यासारखं मोठ्याने थोडं बोलली, पाणी प्यायली आणि परत आली. दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. त्याचा नाही, तिच्या भावजयीचा जीव कोंडीत सापडतो म्हणून.

माझ्याशी मात्र त्याचं वाकडं नव्हतं. "दाजी, तुमचं काय त्यात?" तो म्हणायचा. कपडे माझ्याकडेच शिवायचा, फक्त हिची ड्युटी बघून यायचा. स्टुलावर बसायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा. बहिणीचं नाव काढायचा नाही. पण भिंतीवरच्या खुंटीला तिची वर्दी इस्त्री करून टांगलेली असायची, तिकडे त्याची नजर जायची. एकदा म्हणाला, "बाही उसवलीय तिची, काखेत." मी म्हटलं, शिवतो. तो म्हणाला, "आत्ताच शिवा ना." मी शिवून होईपर्यंत तो बसून राहिला.

त्याला मुलगी झाली. माझ्या बायकोने तिला लांबून बघितलं, बाजारात, आईच्या कडेवर. पण भावजय शहाणी बाई. पोरीचे फ्रॉक ती माझ्याकडेच शिवायला टाकायची आणि मापाला जुना फ्रॉक पाठवायची. ही संध्याकाळी घरी आली की तो फ्रॉक मांडीवर पसरून बसायची. "बोटभर वाढवायला सांगितलंय ना? मग पायाने उंच होणार, बापावर जाणार." भाची कशी दिसते ते तिला नीट माहीत नव्हतं, पण तिची छाती किती, बाही किती, हे पाठ होतं. एकदा एका फ्रॉकच्या खिशात तिने दोन गोळ्या टाकल्या, चांदीच्या कागदातल्या. पुढच्या वेळी मापाचा फ्रॉक आला तेव्हा खिशात चांदीचे कागद होते, चपटे करून घडी घातलेले. ते कोणी ठेवले होते, पोरीने की तिच्या आईने, आम्हाला कधी कळलं नाही.

नाक्यावरून भोंग्या रोज जायचा. थांबायचा, काच अर्धी खाली करायचा, कागद बाहेर धरायचा. "घ्या मॅडम." नजर समोर. ही गाडीला वळसा घालायची. टायर नवेकोरे. त्याने मालकाला सांगूनच ठेवलं होतं, टायर चांगले देणार असशील तरच गाडी चालवतो. सळई प्रत्येक वेळी पुरती बुडायची. ती म्हणायची, "जा." तो जायचा.

एका रात्री जेवण झाल्यावर भांडी आवरता आवरता ती एकदम म्हणाली, "देवा, एकदा तरी ह्याचा टायर घासलेला निघू दे."

मी म्हटलं, "अगं काय बोलतेस?"

"भांडेल तरी. खाली उतरेल, ओरडेल. मॅडम म्हणून नाही ओरडता येत कोणाला." मग स्वतःच कान पकडले. "नको रे बाबा. उतारावरून जातो तो रोज."

अशी वर्षं गेली. नाक्यावर नवे साहेब आले. तरुण, तडफदार, आल्या आल्या त्यांनी रोज किती गाड्या अडवल्या त्याचा फळा शेडमध्ये लावला. मग काय, सळई कडेला जायला लागली, सोडून द्यायच्या गाड्याही अडायला लागल्या आणि अडवायच्या पांढऱ्या गाड्या मात्र तशाच जात राहिल्या. ड्रायव्हरांचा संयम संपला. एका सकाळी त्यांनी सगळ्या गाड्या नाक्यापासून वरपर्यंत रस्त्याच्या मधोमध लावल्या, किल्ल्या खिशात घातल्या आणि खाली उतरून बसले. ना वर काही जाईना, ना खाली.

हिचा डबा घरी राहिला होता. तो घेऊन मी गेलो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं.

ड्रायव्हरांनी बोलायला भोंग्याला पुढे केलं होतं. लाउडस्पीकरची गरज नव्हती. तो साहेबांपुढे उभा राहून म्हणत होता, "तपासणी बंद करा असं आम्ही म्हणत नाही. ती बस गेली तेव्हा माणसं वर काढायला आम्हीच उतरलो होतो दरीत. पण माप एकच पाहिजे. सळई आमच्या डोळ्यांदेखत घाला. आणि ज्याचे टायर बघायचे त्याचे बघा, त्याचा मालक कोण आहे ते नका बघू."

साहेब म्हणाले, "इथे कोणाचा मालक कोणी बघत नाही."

मागून गलका उठला. "सगळे बघतात! सगळे चोर!" मिशीवाल्याची मिशी आता पांढरी झाली होती, पण आवाज तसाच. त्याने बोट माझ्या बायकोकडे केलं. ती शेडच्या खांबाशी उभी होती. "ही पण त्यातलीच! इतकी वर्षं एका नाक्यावर कोणी फुकट राहतं का?"

भोंग्या वळला. मला वाटलं आता हा त्याला मारतो. पण तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. गर्दी इतकी गप्प झाली की तो हळू आवाजही मला ऐकू आला.

"हिच्याबद्दल नाही बोलायचं. तू इथेच उभा होतास त्या दिवशी. हिने सख्ख्या भावाची गाडी उतरवली. माझं काम गेलं, माझी गाडी गेली. ह्या नाक्यावर हिने कोणाला सोडलं असतं तर मला सोडलं असतं." मग तो साहेबांकडे वळला. "तुमच्यात सरळ हात कोणाचा, हे मला विचारा. मला अनुभव आहे."

मी बायकोकडे बघितलं. ती पायाखालच्या डांबराकडे बघत होती.

मग बोलणी झाली, शेडमध्ये बाकांवर बसून. दुपारपर्यंत चालली. सळई ड्रायव्हरसमोर घालायची, दोन ठिकाणी. शंका असली तर दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत. फळा काढायचा. एवढं ठरलं आणि सगळे उठायला लागले, तेव्हा माझी बायको पहिल्यांदा बोलली. तिने कोणाकडे न बघता सांगितलं, "आणखी एक. जी गाडी थांबेल तिची माणसं रस्त्याने चालत जायला नकोत. मागून येणाऱ्या गाडीने त्यांना पोचवायचं. आणि त्या एका दिवसासाठी कोणाचं बांधलेलं काम दुसऱ्याने घ्यायचं नाही. ड्रायव्हरांनी आपसात तेवढं पाळायचं."

साहेब म्हणाले, "हा काही पोलिसांचा विषय नाही."

"नाही," ती म्हणाली. "पण व्हायला हवा होता. आधीच."

भोंग्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग किल्ली काढली आणि गाडीकडे गेला. बाकीच्यांनीही इंजिनं सुरू केली. मी डबा तिच्या हातात दिला. तिने तो तसाच संध्याकाळी घरी परत आणला.

मला वाटलं, आता दोन दिवसांत हा घरी येणार. नाही आला. नाक्यावर तेच, "घ्या मॅडम." फक्त, ती म्हणाली, आता काच पूर्ण खाली करतो.

आला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. तिची सुट्टी होती आणि ती आत होती, हे त्याला ठाऊक असणार. तो स्टुलावर बसला. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "ये ये, बऱ्याच दिवसांनी!" पडद्यामागे भांड्यांचा आवाज थांबला.

तो म्हणाला, "दाजी, दोन पँटी शिवायच्यात, खाकी. लांबच्या बसवर लागलोय. तिकडे मोठ्या शहरात. पोरीची शाळा पण तिकडेच बघितलीय. पुढच्या आठवड्यात सामान हलवतोय."

मी टेप घेतली. कमरेला लावली. आकडा बघितला आणि विसरलो, परत लावली. पडदा सरकला. ती हातात फडकं घेऊन उभी होती.

"त्या बसचे टायर कोण बघतं?" तिने विचारलं. त्याला. सरळ.

तो टेपमध्ये अडकलेला, हलताही येईना. "डेपोत बघतात."

"तूही बघत जा."

"बघतो."

"आतली कड बघत जा. वरून कळत नाही."

"बघतो म्हटलं ना, ताई."

ती आत गेली. मी माप लिहून घेतलं. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ चहाचं पाणी उकळत राहिलं. तिने कप आणून त्याच्यासमोर ठेवला आणि शेजारच्या पाटावर बसली. दोघं काय बोलली म्हणाल, तर पोरीच्या शाळेबद्दल, तिकडच्या घराच्या पाण्याबद्दल, जिना किती आहे, बायकोच्या गुडघ्यांना झेपेल का. त्या सकाळचा विषय निघाला नाही. तो आजवर निघालेला नाही. मी मधे मधे मशीन चालवत होतो, शिवायला काही नसताना.

पुढच्या आठवड्यात ते गेले. ही निरोपाला गेली. भाची पहिल्यांदा हिच्या कडेवर आली, म्हणजे कडेवर बसायचं वय उलटून गेल्यावर आली. पाय लोंबत होते. टेंपोत सामान चढेपर्यंत हिने तिला खाली ठेवलं नाही.

रुसवा होता तेव्हा तो रोज दिसायचा. रुसवा गेला आणि माणूसही गेला. ही नाक्यावर उभी राहते, सळई घालते, ड्रायव्हर वाकून बघतात, पूर्वीसारखी भांडणं होत नाहीत. कधी कधी होतात. पण घरी आल्यावर ती मला नाक्यावरचं काही सांगत नाही. मी विचारलं तर म्हणते, "दिवसभर गाड्या बघते, एकही ओळखीची नाही."

गेल्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो. तिथे त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून दुसरी भिंत दिसते. भावजयीने हिला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. भाचीने वह्या दाखवल्या. भोंग्या मात्र ड्युटीवर होता. आज येईल, उद्या येईल, असं करता करता आमची परतीची वेळ झाली. गाडी वाटेत अडकली, उशीर होतोय, एवढे निरोप आले. आम्ही स्टँडवर येऊन बसलो. आमची बस लागली. आणि तो पलीकडच्या फलाटावरून पळत आला, खाकी कपड्यात, मी शिवलेल्या. पोट सुटलेलं, कानावरचे केस पांढरे. हिने त्याला असं कधी बघितलंच नव्हतं. पांढरे केस एकदम आले होते, तिच्या दृष्टीने.

बाकावर दोघं शेजारी बसली. तो धापा टाकत होता. ती म्हणाली, "आधी श्वास घे." त्याचा श्वास खाली बसेपर्यंत कंडक्टरने घंटी वाजवली. तो म्हणाला, "पुढच्या वेळी राहा चार दिवस." ती म्हणाली, "राहीन." एवढंच. खिडकीतून तिने हात बाहेर काढला, त्याने तो धरला, आणि बस हलली तसा तो दोन पावलं बरोबर चालला.

परत आल्यावर तिने साहेबांकडे बदली मागितली. हमरस्त्यावर एक नाका आहे, तिथून त्याची बस आठवड्यातून दोनदा जाते, हे तिने कुठून शोधून काढलं कोण जाणे. साहेब हसले. म्हणाले, "ह्या वयात लोक घराजवळ बदली मागतात, तुम्ही घर सोडून मागताय. तिथे रस्त्यावर सावली पण नाही. घरचे काय म्हणतात?"

घरचे म्हणजे मी. मला तिने संध्याकाळी सांगितलं, फडक्याने हात पुसत, जरा घाबरत. मी विचारलं, "बस थांबते का तिथे?"

"थांबवावी लागते. टायर बघायला."

बदलीचा निर्णय अजून झालेला नाही. ह्या महिन्यात होईल म्हणतात.